टेकडीवरचं की थोरलं

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि., आणि आज विशेष म्हणजे खरंच विशेष आहे.

तुझ्या टिल्लूला थोरल्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं पत्र मी कपडेपटात उभ्या उभ्याच वाचलं आणि एवढ्याने ओरडले की आमच्या इस्त्रीवाल्या बाई हातातली इस्त्री तशीच टेकवून धावत आल्या. राजाच्या झग्याला तिकोनी डाग पडला. आता नाटक संपेपर्यंत राजाला डावा हात छातीवर धरून उभं राहावं लागणार आहे. टिल्लूला सांग, तुझ्या यशाचा शिक्का थेट एका राजावर बसलाय.

आता माझी बातमी. परवा आमच्या भिंगरीलाही दोन पत्रं आली. एक थोरल्याचंच, टिल्लूला आलं तसं चार ओळींचं. दुसरं टेकडीवरच्या विद्यापीठाचं, आणि ते तीन पानी. प्रवेश दिलाय तो दिलाच, शिवाय तिला ऑनर्स स्कॉलर म्हणून निवडलंय. सबंध वर्षातून बाराच जणांना हा मान देतात. पहिल्या दिवसापासून स्वतःचा मार्गदर्शक, प्रयोगशाळेत स्वतःचं टेबल, त्या बारा जणांसाठी वेगळं वसतिगृह आणि पदवीच्या कागदावर नावाखाली ते दोन शब्द. बाईसाहेबांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि अळ्यांना पाला घालायला निघून गेल्या. लोकरी कपड्यांवर पोट असलेल्या बाईच्या घरात पतंग पाळणारी मुलगी जन्माला यावी, याला काय म्हणायचं! हे पतंग कापड खात नाहीत असं ती शपथेवर सांगते. आमच्या मॅनेजरांना मात्र ते पटलेलं नाही.

तीस एप्रिलच्या आत एका ठिकाणी होकार कळवायचाय. थोरल्याचं नाव जगात कुठेही घेतलं तरी माणसं मान हलवतात. टेकडीवरचंही लहान नाही, पण त्या नावाला तेवढी मान हलत नाही. मग तो ऑनर्सचा मान वजनात किती धरायचा? मी शिवणारी बाई, मला अस्तर कळतं, हे कळत नाही. तू बावीस वर्षं कॉलेजच्या रजिस्ट्रारांच्या कचेरीत काढलीस. तूच सांग.

मुद्दाम फोन करत नाही. फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो. पत्रातून भांडायला आठवडा लागतो, तोवर राग विरतो.

लोभ आहे तेवढा मला पुरतो, कमी मात्र करू नकोस.

तुझी,
चिंगी


९ मार्च

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. भिंगरीचं अभिनंदन. दोन्हीकडे मिळालं, शिवाय ऑनर्स. छान झालं.

टिल्लूला सांगितलं तर तो जेवता जेवता उठून नाचला. स्वतःच्या पत्राला एवढा नाचला नव्हता. सातवीच्या सामाईक परीक्षेत भिंगरी पहिली आली आणि हा सातवा, तेव्हाही असाच नाचला होता. त्याचे बाबा म्हणतात, पोरगं मोठ्या मनाचं आहे. मी म्हणते, वेंधळं आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते. माझं मत टेकडीवरचं. थोरल्यात पहिल्या वर्षाच्या एकेका वर्गात चारशे मुलं बसतात. प्राध्यापकांना त्यांचे चेहरेसुद्धा ठाऊक नसतात. तिथे भिंगरी गेली तर चारशेंतली एक होईल. टेकडीवर ती बारांतली एक असेल. विद्यापीठाचं नाव सगळ्यांनाच मिळतं, मान आपल्या एकटीचा असतो. असला मान नाकारलेली मुलं पुढे हळहळतात, हे मी कचेरीत पाहिलंय.

घरी सगळे बरे आहेत. मी टिल्लूचं पत्र चौकटीत बसवून दारासमोरच लावलंय. त्याला ते आवडलेलं नाही, येता-जाता उलटं करून ठेवतो.

तब्येत सांभाळ. उभ्याने फार काम करू नकोस.

तुझी,
ताई


२० मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न., आणि सोबत मोठ्ठी मिठी.

आईला विचारलं की ती म्हणते मावशीला विचार, म्हणून थेट तुलाच लिहितेय. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आमच्या घरी असं मुद्देसूद कुणी बोलत नाही. आई एकतर रडते नाहीतर हसवते.

मला त्या मानाची भीती वाटते. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली की थोरलं सोडून टेकडीवर जाणं म्हणजे वासरांत लंगडी गाय शहाणी. मी वरवर हसले, पण ते डोक्यातून जात नाही. मी मानासाठी जातेय की पतंगांसाठी? टेकडीवर निशाचर पतंगांवर काम करणारे एक सर आहेत. त्यांचे दोन लेख मी वाचलेत, निम्मे कळले. थोरल्यातही मोठमोठी माणसं आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायला तिसरं वर्ष उजाडतं म्हणे.

आता खरा प्रश्न. पुढे मार्क कमी पडले तर हा मान काढून घेतात का? पत्रात त्याबद्दल अक्षर नाही. रसायनात मी कच्ची आहे हे तुला माहीत आहे. एकदा मिळालेला मान काढून घेतला तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्यापेक्षा आधीच न घेतलेला बरा.

टिल्लूचं पत्र आलंय. तो म्हणतो, थोरल्यात ये, दोघं मिळून तिथल्या खानावळीला नावं ठेवू. तिथल्या वाचनालयाचा नकाशा काढून पाठवलाय, त्यात माझ्या बसायच्या जागेवर पतंग काढलाय. तो पतंग कमी आणि वटवाघूळ जास्त वाटतो. मला जावंसं वाटतंय. तू काय म्हणतेस? तू सांगशील ते मी करीन असं नाही, पण तू सांगशील ते खरं असेल एवढं मला ठाऊक आहे.

उत्तराची वाट पाहणारी,
भिंगरी


२७ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या मैत्रिणीच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. ज्याला मान मिळत नाही तो गायीवासरांच्या गोष्टी सांगतो.

मान काढून घेण्याबद्दल विचारलंस. माझ्या माहितीत तसं काही नाही. एकदा नाव लागलं की लागलं. उगाच नसत्या शंका काढून मन पोखरू नकोस.

टिल्लूबद्दल एक सांगते, ते तुझ्या-माझ्यातच ठेव. तो भिडस्त आहे, ये ये म्हणतो. पण लहानपणापासून तुझ्या मागे मागे राहिल्याचं त्याच्या मनात आहे. थोरल्यात तरी आपली वेगळी ओळख व्हावी असं त्याला वाटतं. तोंडाने कधी बोलायचा नाही. तू समजदार आहेस.

मन लावून अभ्यास कर आणि निर्णयाला उशीर करू नकोस.

तुझी,
मावशी


६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न., आणि तक्रार.

तुझा शब्द मानला गेला. भिंगरीने टेकडीवरचा फॉर्म भरून आरशापाशी ठेवलाय. वीस तारखेला टाकायचा म्हणते. मान बारांतला, म्हणून मी सगळ्या कंपनीला सांगून टाकलं. खलनायक करणाऱ्या आमच्या नटाने तर डोळे पुसले.

पण पोर खुशीत नाही गं. टिल्लूची दोन पत्रं आली, एकालाही उत्तर दिलं नाही. पूर्वी त्याचं पत्र आलं की घरभर वाचून दाखवायची. काय बिनसलं विचारलं तर म्हणते काही नाही. मला ती नेहमी एवढंच सांगते. काही नाही, ठीक आहे, बघू. तुला चार चार पानं लिहिते. तुझं पत्र आलं की दार लावून वाचते. परवा मी हळूच विचारलं की मावशीने काय लिहिलंय, तर म्हणाली, तुला नाही कळायचं, ते कचेरीतलं आहे.

ताई, खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो. आजचा नाही, जुना आहे. शाळेतही बाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, तू तिची बहीण ना? नववा महिना माझा, उलट्या माझ्या, आणि मुलगी विश्वास ठेवते तुझ्यावर. हे लिहिताना लाज वाटते, पण तुला नाही सांगायचं तर कुणाला? निदान तिचं भलं तुझ्या हातून होतंय, म्हणून गप्प बसते.

रागावू नकोस. रागावलीस तर पत्राने रागाव.

तुझी,
चिंगी


१२ एप्रिल

प्रिय चिंगी,

आज आशीर्वाद लिहायला हात होत नाही. हे पत्र वाचून झालं की भिंगरीला दे.

मी तिला खोटं लिहिलं. टेकडीवरचा मान पहिल्या वर्षाच्या शेवटी काढून घेतात, ठरलेल्या गुणांच्या खाली गेलं की. गेल्या साली बारांपैकी पाच जणांचा गेला. त्यांतल्या दोन मुली ते विद्यापीठ सोडून आमच्या कॉलेजात आल्या. त्यांची गुणपत्रकं मी माझ्या हाताने नोंदवली. एक तर माझ्या टेबलासमोर उभी राहून रडली होती आणि मी तिला पाणी दिलं होतं. भिंगरीने नेमकं तेच विचारलं आणि मी लिहिलं की माझ्या माहितीत तसं काही नाही.

दुसरं खोटं त्याहून वाईट. टिल्लूला ती थोरल्यात नकोय, असं मी लिहिलं. तो असं कधी म्हणाला नाही. त्याच्या मनातसुद्धा नाही. ते माझ्या मनात होतं, मी त्याच्या नावावर घातलं.

का, ते सांगते. टिल्लूचं पत्र आलं तेव्हा नऊ दिवस मी थोरल्यात मुलगा असलेली घरातली एकटीच बाई होते. कचेरीत जिना चढतानासुद्धा वेगळं वाटायचं. मग तुझं पत्र आलं. त्यातला राजाच्या झग्याचा विनोद वाचून हसले, आणि पुढचा परिच्छेद वाचून पत्र खणात टाकलं. त्या दिवशी मी अकरा दाखल्यांवर उलटे शिक्के मारले. पुन्हा तीच पहिली आणि माझा सातवा. त्याला जे एक मिळालं ते तिलाही मिळालं, वर आणखी काही मिळालं. मनात आलं, ती टेकडीवर गेली तर थोरलं आमचं राहील. एवढाच माझा मुद्देसूद सल्ला.

तुझ्या पत्रातलं हेव्याबद्दल वाचलं आणि मला बसवेना. ज्या पत्रांचा तुला हेवा वाटत होता, ती ही अशी पत्रं होती.

काल टिल्लूने विचारलं की भिंगरी उत्तर का देत नाही, माझं काही चुकलं का. तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो उठला. ताट उचललं, धुतलं, माझंही धुतलं. मग एवढंच विचारलं की मी सातवा आलो तेव्हा तुला माझी लाज वाटली होती का. मी नाही म्हटलं. तेही खोटंच होतं, आणि त्याला ते कळलं.

फॉर्म टाकला नसेल तर थांबवा.

ताई


२१ एप्रिल

ताईस,

नमस्कार लिहायचा राहिलेला नाही, गाळलाय.

तुझं पत्र मला कपडेपटात मिळालं. वाचून मी एका राजकन्येच्या बाहीला दोनदा तीच टीप घातली. आणि आता माझंही ऐक. दोन दिवस ते पत्र मी भिंगरीला दाखवलं नाही, बटणांच्या डब्यात ठेवलं. कारण वाचता वाचता, तुझ्यावर चिडलेली असतानाच, मला बरं वाटलं होतं. आता पोरगी माझ्याकडे येईल, असं वाटलं होतं. तेव्हा तुला शिव्या द्यायला बसले तर निम्म्या मला द्याव्या लागतील. उरलेल्या निम्म्या तुझ्या आहेत आणि त्या मी मनात दिल्यात.

तिसऱ्या दिवशी दाखवलं. वाचून तिने घडी घातली. मग टिल्लूला फोन लावला, तो फोन तासभर चालला, मी बाहेर शिवत बसले. फोन ठेवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, आई, आपण टेकडीवर जाऊन बघून येऊ या का? तिने मला 'आपण' म्हटलं.

शनिवारी बसने गेलो. चढ भयंकर आहे, माझे गुडघे अजून ओरडताहेत. ते पतंगवाले सर भेटले. उंच, वाकलेले, स्वेटरला कोपरावर कसरीची भोकं. मी पटकन म्हणून गेले की पतंगांनी सूड उगवलेला दिसतो, तर ते खूप हसले. भिंगरीने त्यांना आडपडदा न ठेवता विचारलं की मान काढून घेतात, हे तुम्ही पत्रात का लिहीत नाही. ते खाली बघत म्हणाले की लिहायला हवं, मी दर वर्षी बैठकीत तेच सांगतो. मग त्यांनी खिडकीशी सुई-चिमटा घेऊन बसलेल्या एका मुलीला हाक मारली. गेल्या साली जिचा मान गेला, त्या पाचांतली ती एक.

त्या मुलीने सांगितलं की मान गेला तेव्हा आठवडाभर ती खोलीबाहेर पडली नाही. वसतिगृहही सोडावं लागलं. मग एका सकाळी प्रयोगशाळेची किल्ली परत करायला आली, तर सर म्हणाले, किल्ली कशाला देतेस, अळ्यांना पाला कोण घालणार? तेव्हापासून ती तिथेच आहे. भिंगरीने विचारलं, तुला परत निवडायला सांगितलं तर? ती म्हणाली, टेबल घेईन, मान राहू दे.

 परतताना भिंगरी माझा हात धरून उतरली, माझ्या गुडघ्यांसाठी म्हणून.

काय ठरवायचं ते ती ठरवेल. तुला लिहायचं की नाही, तेही तीच ठरवेल. मी तुला लिहितेय, यावरून काय समजायचं ते समज.

चिंगी


२९ एप्रिल

मावशी,

मी टेकडीवर जातेय. फॉर्म काल टाकला.

मी एक कागद घेऊन त्यावर दोन्ही विद्यापीठं लिहिली आणि टेकडीच्या खालचे ऑनर्स स्कॉलर हे शब्द खोडून टाकले. मग स्वतःला विचारलं की हे शब्द नसते तर कुठे गेले असते. तरी टेकडीवरच गेले असते. त्या टेबलापाशी मला वेळेचं भान राहिलं नाही. आईने तीनदा हाक मारली म्हणे. मान आहे तोवर आहे. रसायनाने घेतला तर घेतला.

म्हणजे तुझा सल्ला बरोबर निघाला. मला सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो. तू खोटं बोललीस आणि मी चुकीच्या ठिकाणी गेले असते, तर निदान नीट रागावता आलं असतं.

टिल्लूवर विश्वास न ठेवता मी तुझ्या एका ओळीवर ठेवला, याची मला तुझ्याइतकीच लाज वाटते. त्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, आई वाईट नाही, तिला फक्त मोजायची सवय लागलीय. तो घरात तुझ्याशी कमी बोलतो असं कळलं. त्याला थोडा वेळ दे. मलाही दे. काही दिवस मी तुला काही विचारणार नाही.

भिंगरी


पुढल्या वर्षी, १४ जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

वर्षभर नुसती ख्यालीखुशालीची कार्डं पाठवली, आज पत्र लिहितेय. निकाल लागला. माझा मान गेला. तीन गुणांनी, आणि अर्थात रसायनात. बारांपैकी चौघांचा गेला. महिनाअखेरीस वसतिगृहातून सामान हलवायचंय. मला वाटलं होतं मी शहाण्यासारखी घेईन, पण काल दुपारभर प्रयोगशाळेच्या मागच्या पायऱ्यांवर बसून रडले. सर आले, शेजारी बसले आणि एका नव्या अळीबद्दल बोलत राहिले. किल्ली त्यांनी मागितली नाही.

टिल्लूला अजून कळवलं नाही. त्याचा निकाल अजून लागायचाय, त्याआधी नको. तो चारशेंत मजेत आहे. मागल्या महिन्यात येऊन गेला, तेव्हा म्हणाला की एका प्राध्यापकांना आता त्याचा चेहरा ठाऊक झालाय, नाव मात्र ते दुसऱ्याच मुलाचं घेतात.

सगळ्यांत आधी तुलाच लिहितेय. आईला सांगितलं तर तिला नुसतं वाईट वाटेल. तुला दोन्ही वाटेल, वाईटही आणि थोडं बरंही. आज मला ज्याला दोन्ही वाटेल अशा माणसाला सांगायचं होतं. का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

तुझी,
भिंगरी


१८ जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. या खेपेला पूर्ण शब्द लिहितेय, आखूड करत नाही.

तुझं पत्र कचेरीत मिळालं. हो, दोन्ही वाटलं. आधी कुठलं, तेही सांगते, कारण तू विचारलं नसलंस तरी मनात असणार. आधी वाईट वाटलं. तू पायऱ्यांवर बसून रडलीस तिथे माझी नजर अडकली आणि पुढच्या ओळी दिसेनात. माझं मलाच नवल वाटलं. दुसरं यायला चहा होईपर्यंत वेळ लागला. पण आलं. येणार नाही असं मी तुला सांगू शकत नाही. आलं, जरा वेळ बसलं, आणि मी गुणपत्रकं नोंदवायला घेतली.

टिल्लू आता माझ्याशी पुन्हा पहिल्यासारखा बोलतो, जवळजवळ. चौकट मी काढून ठेवली आहे. भिंतीवर फिकट चौकोन राहिलाय.

सामान हलवताना एकटी जड उचलू नकोस. रसायनाची पुस्तकं वर ठेव, तळाशी नको, नाहीतर वर्षभर निघायची नाहीत. काही विचारावंसं वाटलं तर विचार. माहीत असेल ते सांगीन, नसेल तर माहीत नाही म्हणून सांगीन.

आणि आईला आजच्या आज कळव. मला आधी सांगितलंस हे तिला कळलं तर ती पुन्हा मनाला लावून घेईल. तिच्या पत्रावर चौदा तारीखच घाल, म्हणजे दोन्ही पत्रं एकाच दिवशी लिहिल्यासारखं दिसेल.

नको. खरी तारीख घाल. मला आधी लिहिलंस हेही तिला सांग. माझ्यावर चिडली तर मी आहे.

लोभ तुझ्या मर्जीने, जमेल तेवढा ठेव.

तुझी,
मावशी